त्या छायाचित्रातली मागची माणसे

बास्केटबॉलचे एक छायाचित्र जगभर प्रसिद्ध आहे. १४ जून १९९८ रोजी सॉल्ट लेक सिटीच्या डेल्टा सेंटरमध्ये फर्नांडो मेदिना यांनी ते टिपले. शिकागो बुल्सचा मायकेल जॉर्डन पाठमोरा आहे, चेंडू त्याच्या हातून सुटलेला आहे आणि बास्केटवरच्या घड्याळात ६.६ सेकंद उरलेले आहेत. पुढे काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. चेंडू आत गेला, शिकागोने युटा जॅझचा ८७-८६ असा पराभव केला आणि आठ वर्षांतले सहावे अजिंक्यपद मिळवले.

आम्ही ते छायाचित्र पाहतो तेव्हा आमची नजर जॉर्डनवर ठरत नाही. ती मागच्या प्रेक्षकांवर जाते. चेंडू अजून हवेत आहे, नियमाप्रमाणे अजून काहीच घडलेले नाही, आणि तरी त्या माणसांना सारे कळून चुकलेले आहे. कुणी हात डोक्यावर नेले आहेत, कुणाचे तोंड उघडे राहिले आहे. आम्ही त्या गर्दीत नव्हतो. अंतिम मालिकेचे तिकीट आमच्या महिन्याच्या भाड्याला भारी पडले असते. पण तिथून थोड्याच अंतरावर, एका जुन्या घराच्या तळघरात, वापरून झालेल्या दूरदर्शन संचापुढे आमचे चेहरे त्या क्षणी नेमके तसेच होते. म्हणजे, तिघांचे होते. चौथ्याबद्दल पुढे सांगायचे आहे.

हे 'आम्ही' म्हणजे युटा विद्यापीठात शिकायला आलेले चार मराठी विद्यार्थी. परदेशी गेलेल्या मुलांत नावांपेक्षा गावे अधिक चालतात, त्या रिवाजाप्रमाणे एक पुणेकर, एक सांगलीकर, एक डोंबिवलीकर आणि एक नागपूरकर. १९९६ च्या ऑगस्टात आम्ही त्या गावी पोचलो. पूर्वेला वॉसॅचचे डोंगर, पश्चिमेला खारे सरोवर, मध्ये बैलगाड्यांचा ताफा सहज वळावा एवढे रुंद आणि बहुतांशी नावांऐवजी आकडे धारण करणारे रस्ते. लोक सज्जन होते. इतके सज्जन की त्यांच्याशी भांडण होण्याचीही सोय नव्हती. परंतु त्यांचे जग त्यांच्या चर्चभोवती विणलेले होते आणि त्या विणीत आम्हाला धागा सापडत नव्हता. रविवारी तर गाव असे मिटून जाई की दुपारी रस्त्यावरून चालताना स्वतःच्या चपलांचा आवाज ऐकू येत असे.

धागा सापडला तो जॅझमुळे. या नावाचीही गंमत आहे. संघाचा जन्म १९७४ साली न्यू ऑर्लिन्सचा, म्हणून नाव जॅझ. १९७९ मध्ये संघ सॉल्ट लेकला आला आणि मद्य-कॉफीदेखील वर्ज्य मानणाऱ्या भाविकांच्या गावात ते नाव तसेच राहिले. परगावचे नाव घेऊन आलेला हा संघ गावाने आपला म्हटला होता, हे आम्हाला फार आवडे. किराणा दुकानात पैसे घेणारी बाई, बसचा चालक, प्रयोगशाळेत कामाखेरीज शब्द न काढणारे आमचे एक ज्येष्ठ सहकारी, या सर्वांशी बोलायला आमच्याकडे आता एक विषय होता. काल पाहिलात का, एवढेच विचारायचे.

खेळ शिकवला नागपूरकराने. तो शाळेपासून खेळलेला. आम्ही उरलेले तिघे क्रिकेटवर पोसलेले. बास्केटबॉल म्हणजे उंच मुलांचा पळापळीचा खेळ, एवढीच आमची समज. त्याने आम्हाला जेवणाच्या टेबलावर मिठाची बाटली, लोणच्याची बरणी आणि दोन वाट्या मांडून 'पिक अँड रोल' समजावला. चेंडू जॉन स्टॉकटनकडे. कार्ल मलोन येतो आणि स्टॉकटनच्या पाठराख्याच्या वाटेत भिंतीसारखा उभा राहतो. पाठराखा भिंतीला अडतो, स्टॉकटन बाजूने निसटतो. आता मलोनचा पाठराखा पेचात. तो स्टॉकटनला अडवायला गेला तर मलोन गिरकी घेऊन बास्केटकडे मोकळा सुटतो आणि चेंडू त्याच्या हाती आयता पडतो. तो मलोनपाशीच थांबला तर स्टॉकटन स्वतःच चेंडू टाकतो. बस्स, एवढेच. हे दोघे १९८५ पासून एकत्र हेच करत होते. समोरच्याला ते येणार हे ठाऊक असे, प्रेक्षकांना ठाऊक असे, आणि तरी ते अडत नसे. ठेका तोच, समही तीच; ऐकणाऱ्याला सम कुठे पडणार हे माहीत असते आणि ती पडल्यावरही मान हलतेच, तसे.

स्टॉकटनवर आमचा विशेष जीव जडला. सहा फूट एक इंच उंची, म्हणजे त्या राक्षसांच्या मेळ्यात ठेंगणाच. चेहरा एखाद्या सहकारी बँकेतल्या रोखपालाचा. सगळ्या जगाने गुडघ्यापर्यंत लोंबणाऱ्या चड्ड्या स्वीकारल्या तरी हा आपली जुन्या चालीची आखूड चड्डी सोडायला तयार नाही. एकोणीस हंगामांत त्याचे एकूण बावीस सामने चुकले आणि निवृत्तीच्या वेळी, २००३ साली, त्याच्या नावावर १५,८०६ असिस्ट होते. असिस्ट म्हणजे दुसऱ्याने गुण मिळवावा म्हणून दिलेला चेंडू. या विक्रमाच्या आसपासही अद्याप कोणी फिरकलेले नाही. त्याच्या जोडीला जेफ हॉर्नासेक, जो प्रत्येक फ्री थ्रोपूर्वी हाताने गाल पुसल्यासारखे करी. ती घरी बसलेल्या मुलांना केलेली खूण होती. आणि प्रशिक्षक जेरी स्लोन. इलिनॉयमधल्या मॅकलीन्सबरो या लहानशा गावचा शेतकरी गडी, जुने ट्रॅक्टर जमवण्याचा छंद असलेला. कोर्टाच्या कडेला कपाळाला आठ्या घालून उभा असे, जणू पाऊस लांबला आहे आणि त्याला पंच जबाबदार आहेत.

१९९७ सालची कथा लवकर सांगून टाकू, कारण ती प्रस्तावना होती. २९ मे रोजी ह्यूस्टनमध्ये शेवटच्या क्षणी स्टॉकटनने तीन गुणांची बास्केट केली आणि जॅझ प्रथमच अंतिम मालिकेत पोचले. संघाच्या स्वागताला हजारो लोक विमानतळावर गेले. आम्ही गेलो नाही, आमच्याकडे मोटार नव्हती. पहिला सामना शिकागोत, रविवारी. ८२-८२ अशी बरोबरी, ९.२ सेकंद बाकी, आणि मलोनने दोन्ही फ्री थ्रो चुकवले. मलोनचे टोपणनाव 'पोस्टमन'. रविवारी टपाल वाटले जात नाही, अशी आठवण स्कॉटी पिपेनने ऐन वेळी त्याला करून दिली होती म्हणतात. मग जॉर्डनने सामना जिंकून दिला. पुढे पाचव्या सामन्यात तो आजारी अंगाने खेळला, ३८ गुण केले आणि तोही जिंकला. सहाव्यात स्टीव्ह करने घाव घातला. ४-२. आम्हाला वाटले, पहिली खेप आहे, चालायचेच.

१९९८ मध्ये मात्र आमची बाजू वरचढ होती, निदान कागदावर. दोन्ही संघांनी ८२ पैकी ६२ सामने जिंकले होते, पण आपसातले दोन्ही सामने जॅझचे. म्हणून मालिकेची सुरुवात आणि, वेळ आलीच तर, शेवटही सॉल्ट लेकला. जॅझने लेकर्सना ४-० असे धुऊन काढले होते आणि त्यांना दहा दिवस विश्रांती मिळाली. बुल्सना इंडियानाशी सातव्या सामन्यापर्यंत झुंजावे लागले. सांगलीकराने, ज्याचा ज्योतिषावर विश्वास नाही पण पंचांग पाहतो, ४-२ असे भाकीत केले. आकडा अचूक ठरला.

पहिला सामना ३ जूनला. वाढीव वेळेत ८८-८५, जॅझ. त्या रात्री आम्ही चौघे पायी शहराच्या मध्यभागी गेलो. मोटारींचे भोंगे वाजत होते, अनोळखी माणसे हात मिळवत होती, आणि एका आजोबांनी डोंबिवलीकराला मिठी मारली. दोन वर्षांत त्या गावात आम्हाला कोणी मिठी मारलेली नव्हती. दुसरा सामना ८८-९३ असा गेला. करने आपलाच हुकलेला चेंडू परत मिळवून जॉर्डनला दिला, तेवढ्यावर.

तिसरा सामना शिकागोत. बुल्स ९६, जॅझ ५४. हा छपाईचा दोष नव्हे. अंतिम मालिकेतल्या सामन्यात इतके कमी गुण आजवर कोणी केलेले नाहीत. शॉट क्लॉक आल्यापासूनचा, म्हणजे १९५४ पासूनचा, कोणत्याही एनबीए सामन्यातला तो नीचांक होता. पुढच्याच वर्षी जॉर्डनशिवाय खेळणाऱ्या बुल्सनी ४९ गुण करून तो स्वतःकडे घेतला, ही बातमी आम्ही किती प्रेमाने वाचली असेल ते सांगायला नको. पण त्या रात्री आमच्या मनात राहिले ते वेगळेच. स्लोन हे मूळचे शिकागोचे खेळाडू. १९६६ साली बुल्स संघ स्थापन झाला तेव्हापासूनचे. त्यांचा चार क्रमांक त्या संघाने १९७८ मध्ये सन्मानपूर्वक निवृत्त केलेला. म्हणजे त्यांचा संघ चोपन्नावर आटोपत होता त्या सभागृहाच्या छताखाली स्लोन यांचाच सदरा लटकत होता, आणि खाली ते तोंड मिटून उभे होते.

चौथ्या सामन्याआधी डेनिस रॉडमन सराव बुडवून व्यावसायिक कुस्तीच्या कार्यक्रमात मिरवून आला, आणि चौथ्या सामन्यात अखेरच्या क्षणी त्याच रॉडमनने फ्री थ्रो अचूक टाकून सामना जिंकून दिला. ८६-८२. (महिन्याभरात आमचा मलोनही त्याच रॉडमनविरुद्ध कुस्तीच्या फडात उतरला. त्याविषयी आम्ही आपसातसुद्धा बोलत नाही.) ३-१. शिकागोत विजयोत्सवाची तयारी झाली. आणि पाचव्या सामन्यात मलोनने ३९ गुण करून ती तयारी वाया घालवली. ८३-८१. दुसऱ्या दिवशी शनिवार असूनही आमचे ते अबोल सहकारी प्रयोगशाळेत आले, पुणेकराच्या टेबलापाशी थांबले आणि म्हणाले, 'वुई आर कमिंग होम.' त्या 'वुई'मध्ये पुणेकर होता की नव्हता यावर आम्ही संध्याकाळभर चर्चा केली. होता, असे बहुमताने ठरले.

मग तो रविवार. पिपेनची पाठ सुरुवातीलाच धरली. तो आत-बाहेर करत राहिला. जॉर्डन एकटा ओढत होता. ४१.९ सेकंद उरले असताना मलोनने स्टॉकटनकडे चेंडू दिला, स्टॉकटनने तीन गुण टाकले आणि फलक ८६-८३ झाला. तळघराच्या छतातून माती पडेल एवढा आवाज आम्ही केला. पुढच्या पाचेक सेकंदांत जॉर्डनने दोन गुण परत घेतले. ८६-८५. चेंडू जॅझचा, मलोनकडे. आणि हॉर्नासेकवर नजर ठेवायची सोडून जॉर्डन मलोनच्या मागून, त्याला न दिसणाऱ्या बाजूने आला आणि त्याने चेंडूवर थाप मारून तो काढून घेतला. मग तो संथपणे पुढे आला. समोर ब्रायन रसेल. जॉर्डन उजवीकडे झेपावला, थबकला, रसेल घसरला. बाकीचे छायाचित्रात आहे. ५.२ सेकंद उरले होते. स्टॉकटनचा शेवटचा प्रयत्न रिंगला लागून परतला.

तळघरात जी शांतता पडली तीत टाळीचा आवाज आला. एकच टाळी, मग आणखी दोन. नागपूरकर उभा होता आणि त्याचे डोळे पडद्यावर होते.

पुणेकराने संच बंद केला. सांगलीकर म्हणाला, 'हा आपला नाहीच.' हे वाक्य त्या गावाने आम्हाला एकदाही ऐकवले नव्हते. ऐकावे लागेल या भीतीत मात्र आम्ही दोन वर्षे काढली होती. नागपूरकर म्हणाला, 'अरे, असा शॉट पुन्हा दिसणार नाही.' डोंबिवलीकर काहीच बोलला नाही, आणि आता त्याचे म्हणणे आहे की सर्वांत वाईट तोच वागला. आम्ही तिघे बाहेर पडलो. जूनमध्ये तिकडे नऊपर्यंत उजेड असतो. एवढे सगळे होऊनही डोंगरांवर ऊन होते. महिनाअखेर नागपूरकराने खोली बदलली. नवी जागा विभागाच्या इमारतीला जवळ पडते, असे कारण त्याने दिले आणि आम्ही ते मान्य केले. त्याचा बास्केटबॉल आमच्या कपाटात राहिला.

यानंतर वीसेक वर्षे आमचे पत्रव्यवहार, लग्ने, मुलांची बारशी, सारे यथास्थित झाले. वैर असे काही नव्हते. पण त्या मालिकेचा विषय निघाला की तिघे एकीकडे होत आणि तो हसून गप्प बसे. आमचा पक्ष ठरलेला होता. जॉर्डनने डाव्या हाताने रसेलला ढकलले, पंचांनी डोळेझाक केली, आम्ही लुटलो गेलो. हे आम्ही इतक्यांदा सांगितले की आमच्या सांगण्यात रसेल दरवर्षी थोडा अधिक लांब फेकला जाऊ लागला. २००९ मध्ये जॉर्डन, स्टॉकटन आणि स्लोन यांना एकाच दिवशी हॉल ऑफ फेममध्ये घेतले गेले आणि जॉर्डनने आपल्या भाषणात रसेलचा विषय काढला, तेव्हा तर आमच्या जखमेची खपली पुरती निघाली.

२०२० च्या एप्रिल-मे महिन्यांत, जग घरात कोंडलेले असताना, त्या बुल्स संघावरची दहा भागांची माहितीपट-मालिका आली. आम्ही चौघांनी, दोघे अमेरिकेत आणि दोघे इकडे, ती पाहिली. शेवटचा भाग झाल्यावर ठरवले की मूळ सहावा सामना दृक्-संवादावर एकत्र, अथपासून इतिपर्यंत पाहायचा. रविवार धरला. त्याच्या आधीच्या शुक्रवारी, २२ मे रोजी, जेरी स्लोन वारले. त्यामुळे त्या बैठकीला आम्ही जरा गंभीरपणेच बसलो.

आणि बावीस वर्षे उराशी धरलेल्या गाऱ्हाण्याची वाट लागली. ती धाव आम्ही सात-आठ वेळा मागे नेऊन पाहिली. हात लागतो, नाही असे नाही. पण रसेल त्याआधीच भलत्या दिशेला झुकलेला आहे. त्याचा तोल त्याच्याच वेगाने गेला आहे. त्या हाताने फार तर निरोप दिला. पुणेकर, जो मुद्दा सोडण्याबद्दल प्रसिद्ध नाही, म्हणाला, 'ठीक आहे.'

पण त्याहून विलक्षण गोष्ट दुसऱ्या क्वार्टरमध्ये निघाली. हॉवर्ड आइझलीने तीन गुणांचा चेंडू टाकला, आत गेला, आणि शॉट क्लॉक संपल्यावर सुटला असे म्हणून पंचांनी तो बाद केला. चित्रफितीत स्वच्छ दिसते की तो वेळेत सुटला होता. चौथ्या क्वार्टरमध्ये नेमके उलट घडले. रॉन हार्परच्या हातात चेंडू असतानाच वेळ संपली आहे, आणि ते दोन गुण धरले गेले. तीन गेले, दोन चढले. सामना एका गुणाने हरलो. चित्रफीत पाहून निर्णय तपासण्याची सोय एनबीएने २००२-०३ च्या हंगामापासून केली. अर्थात ते तीन गुण मिळाले असते तर पुढचे सगळेच वेगळे खेळले गेले असते, हे आम्हालाही कळते. पण आमच्या पदरी एक खरे गाऱ्हाणे होते आणि आम्ही बावीस वर्षे खोटे घेऊन फिरत होतो. त्या संध्याकाळी आइझलीच्या त्या चेंडूवर आम्ही ओरडलो असणार. सामना चालू होता, पुढच्या मिनिटाला विसरलो. आम्हाला ढकलले गेल्याचे चित्र हवे होते, आणि ते शेवटच्या फेकीत आयते सापडले.

'मला आठवत होता आइझली,' नागपूरकर म्हणाला. तो आता नागपुरात मुलांना संध्याकाळी खेळ शिकवतो. आम्ही विचारले, मग इतकी वर्षे बोलला का नाहीस? तो म्हणाला, 'तुम्ही विचारलं कधी?' थोड्या वेळाने त्याने फीत स्टॉकटनच्या तीन गुणांपाशी, ४१.९ सेकंदांवर, मागे न्यायला सांगितली. चेंडू आत गेला. प्रेक्षक उभे राहिले. सहा-सात फेकींनंतर ज्यांना डोके धरायचे होते ती हीच माणसे.

'यालाही मी टाळी वाजवली होती,' तो म्हणाला. 'तेव्हा तुम्ही सगळेच वाजवत होता.'

(हा मजकूर चौघांनी वाचला आहे. नागपूरकराने दोन हरकती घेतल्या. 'सहा-सात फेकींनंतर' हे साफ चूक आहे, मध्ये फक्त एकच बास्केट झाली, असे तो म्हणतो, आणि ते खरे आहे. पण आम्हाला तो काळ तेवढा लांब वाटला होता, म्हणून ठेवले आहे. दुसरी हरकत टाळ्यांच्या संख्येबद्दल होती. ती फेटाळली.)

त्या रात्री सामना संपल्यावर कोणी संवाद तोडेना. अमेरिकेतल्या दोघांकडे दुपार होती, इकडे मध्यरात्र उलटली होती. सांगलीकराने विचारले, पहिला सामना लावायचा का. तो वाढीव वेळेपर्यंत जातो, दोन तास तरी मोडतील, सोमवार आहे, असे डोंबिवलीकर म्हणाला.

अठ्ठ्याऐंशी-पंच्याऐंशी. लावला.